पिक्चरमधला लंगडा घोडा

“आवं साहेब, थांबा जरा. ह्यो घोडा मगाशीच मेला न्हवं? मंग ह्यो कुठनं उठून आला?”

“अहो, हा दुसरा, दिलीपराव. मेला तो हिरोचा. हा व्हिलनचा. याच्या कपाळावर पांढरा पट्टा दिसतोय ना?”

“पट्टा चुन्याचा हाय त्यो. केसांचा भोवरा बगा की. मेलेल्याचा बी डाव्या डोळ्याच्या वर व्हता, ह्येचा बी तितंच. पट्टा मारता येतोय साहेब, भोवरा मारता येत न्हाय. आन मेला मेला म्हंता, तवा बी त्येचा कान हालत व्हता. माशी बसली व्हती.”

प्रबोधनं रिमोट दाबून चित्र मागं नेलं. गोळी सुटली, घोडा आडवा झाला, हिरोनं टोपी काढून छातीशी धरली. आणि खरंच, मेलेल्या घोड्याचा कान एकदा फडकला. प्रबोध सोफ्यावर मागं कलंडून हसायला लागला. आतून त्याची बायको उल्का हातात झारा घेऊन बाहेर आली.

“काय झालं?”

“अगं, हा सिनेमा मी चार वेळा पाहिलाय. हा कान मला कधी दिसला नाही.”

“सिनेमा लागला की तुला समोरचा माणूस दिसत नाही, घोड्याचा कान कुठला दिसायला!” असं म्हणून ती झाऱ्यासकट आत गेली.

हे चाललं होतं सिंगापुरात, ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत, अकराव्या मजल्यावर. साल दोन हजार पाच. सरकारी सुट्टी रविवारी पडल्यामुळं ती सोमवारी मिळाली होती, आणि तबेल्याची सुट्टी सोमवारीच असते, म्हणून दोघांचा मेळ बसला. प्रबोध मूळचा पुण्याचा, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्याला नाद एकच, जुन्या काउबॉय सिनेमांचा. तेही नावाजलेले नव्हेत. पन्नास-बावन्न सालात अमेरिकेत कुणीतरी घाईघाईनं काढलेले, सत्तर मिनिटांत आटपणारे, काळे-पांढरे. असल्या पन्नास सिनेमांचं एक खोकंच त्यानं घेतलं होतं. गाव एकच, गावात गल्ली एकच, आणि पाठलाग सुरू झाला की तोच एक खडक तीनदा मागं पडायचा.

“सगळ्या पिक्चरमधी घोडी तीन हायत,” दिलीपनं जाहीर केलं. “आन येक खेचर. आन म्हंत्यात कशी, फौज आली, फौज आली.”

दिलीप मदने माण तालुक्यातला. म्हसवडच्या वरच्या अंगाला, जिथं बाभळसुद्धा पाणी बघून वाढते, तिथल्या मेंढक्या धनगराचा थोरला पोरगा. दिवाळी झाली की त्यांचा तळ हलायचा. मेंढरं पुढं, माणसं मागं, आणि मधे घोडी. घोडीच्या पाठीवर सगळा संसार. पाल, तवा, हंडा, कोंबड्यांची पाटी, आणि नुकती जन्मलेली दोन-तीन कोकरं, ज्यांच्या फक्त मुंड्या बाहेर. पहाटे अंधारातच निघायचं, घाट उतरून कोकणाच्या अंगाला जायचं. अंधारात डोळ्याला काही दिसत नाही. मग घोडीची टाप ऐकायची. कुणाची घोडी कुठं चालली, कुणाची दमली, कुणाच्या पायात खडा अडकलाय, हे त्या तळावरची शेंबडी पोरंसुद्धा कानानं सांगायची.

दिलीपच्या बापाची भुरी नावाची घोडी होती. दिलीप बारा वर्षांचा असताना तिची टाप बदलली. तीन दिवस त्यानं ते ऐकलं आणि बापाला बोलला नाही, कारण बाप तापट होता आणि मुक्काम लांब होता. तिसऱ्या दिवशी घाटाच्या निम्म्यात भुरी खाली बसली ती उठली नाही. बापानं ओझं सोडलं, निम्मं आपल्या डोक्यावर घेतलं, निम्मं बायकोच्या दिलं, आणि तळ पुढं हलला. दिलीपच्या वाट्याला कोंबड्यांची पाटी आली. बाप त्याला काही बोलला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, पोरानं ऐकलं होतं ते.

एकोणिसाव्या वर्षी दिलीप पुण्याला रेसकोर्सवर लागला. तिथं वीस वर्षं घोड्यांच्या पोटाखालून अंग चोरून काढली. नव्याण्णव सालात एका ट्रेनरच्या ओळखीनं वर्क परमिट झालं आणि गडी सिंगापूरला आला. क्रांजीच्या रेसच्या तबेल्यात. घोड्याची निगा राखणाऱ्याला तिथंही साइसच म्हणतात, म्हणजे आपला सईसच. त्याच्या हाताखाली चार घोडी. पहाटे चारला उठायचं, लीद काढायची, भुसा पसरायचा, खरारा करायचा, उजाडताना घोडं ट्रॅकवर धाडायचं, आलं की धुवायचं, पायांना पट्ट्या बांधायच्या. राहायला तबेल्याच्या वरच खोली. बायको गावाकडं, दोन पोरी नांदायला गेलेल्या. वर्षाकाठी एकदा तो गावी जायचा, आणि दहाव्या दिवशी बायको विचारायची, “कवा जाताय म्हागारी? घोड्याला बोलल्यागत माज्याशी बोलू नगा.”

त्या चारांतला एक घोडा प्रबोधचा. म्हणजे चौथा हिस्सा प्रबोधचा. बँकेतल्या चार मित्रांनी मिळून घेतलेला, म्हणून कागदावर त्याचं नाव बोनस इश्यू. दिलीप त्याला बाळू म्हणायचा. प्रबोध पहिल्यांदा घोडा बघायला आला तेव्हा बाळू पाय उचलून देत नव्हता आणि आतून आवाज आला, “पाय उचल की रं सुक्काळीच्या!” प्रबोध टाय लावलेल्या गळ्यानं तिथंच उभा राहिला. त्याला घोडा किती आवडला देव जाणे, पण ती शिवी फार आवडली. ओळख झाली. त्यानं सांगितलं की आम्ही चौघं मालक आहोत. दिलीप म्हणाला, “मंजी येकेकाला येक पाय. तुमचा कंचा, ते सांगून ठेवा.”

आता सोमवारी प्रबोधनं जेवायला बोलावलं आणि दिलीप इस्त्रीचा शर्ट घालून एमआरटीच्या मेट्रोनं एवढा लांब आला, तो काही सिनेमा बघायला नव्हे. त्याच्या पोटात एक गोष्ट होती. बाळूचा पुढचा उजवा पाय बिघडत चालला होता आणि शुक्रवारी त्याची रेस होती.

गेल्या बुधवारपासून दिलीप ऐकत होता. पहाटे बाळूला खोलीतून काढून सिमेंटच्या वाटेवर आणलं की पहिली दहा-पंधरा पावलं टाप सारखी पडत नव्हती. मग अंग ऊन झालं की घोडा नीट चालायचा. ट्रॅकवर तर चौखूर पळायचा. दिलीपनं ट्रेनरला सांगितलं. ट्रेनर ऑस्ट्रेलियाचा, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडं चाळीस घोडी. त्यानं डॉक्टर बोलावला. डॉक्टर आला साडेनऊला, तोवर बाळू पळून-धुऊन मोकळा झालेला. डॉक्टरनं पाय चाचपला, वाळूवर दुडकवला, म्हणाला ठणठणीत आहे. ट्रेनरनं दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तू फार काळजी करतोस. संपलं. सईसाचं बोलणं तिथवरच. मालकाचं बोलणं मात्र पुढं जातं. पण ट्रेनरला ओलांडून मालकाच्या कानाला लागणारा सईस कुठल्याच तबेल्यात फार दिवस टिकत नाही, हेही दिलीपला पुण्यापासून ठाऊक होतं.

उल्कानं पानं वाढली. भरली वांगी, भाकरी, लसणाची चटणी. टीव्ही चालूच. हिरो आता व्हिलनचा घोडा हिसकावून निघाला होता, म्हणजे स्वतःच्याच मेलेल्या घोड्यावर बसून. दिलीप मान खाली घालून जेवत होता. भाकरी सहा महिन्यांनी मिळाली होती, तिच्याकडं बघणं भाग होतं.

“जमलीय का हो भाकरी?” उल्कानं विचारलं. “पीठ लिटल इंडियातून आणलंय. मला थापता येत नाही, मी लाटते.”

“लाटली तर लाटली, वैनी. पोटात गेल्यावर कोण इचारतंय?”

“शुक्रवारी काय मग, दिलीपराव?” प्रबोध म्हणाला. “बाळू जिंकणार ना? ऑफिसातली तीस माणसं येणार आहेत. विवेकनं तर सगळ्यांना एकसारख्या टोप्या आणल्यात.” विवेक म्हणजे दुसऱ्या पायाचा मालक.

दिलीपनं घास चावायला जरा जास्तच वेळ लावला. मग उत्तर टाळायचं म्हणून टीव्हीकडं कान करून म्हणाला, “ह्यो घोडा मातूर झक्क हाय बगा. चारी टापा येकसारख्या. काय तालात पडत्यात!”

आणि असं म्हणत त्यानं मान वर केली. बघितलं. घास तसाच गालात राहिला.

“आयला.”

“काय झालं?”

“लंगडतोय की वं ह्यो! डावा फुडला. चांगलाच दुखतोय.” त्यानं डावा हात भाकरीवरनं उचलून टीव्हीकडं केला. “मंग टापा कशा काय सारख्या पडत्यात? साहेब, म्या फसलो. जल्मात पयल्यांदा कानानं फसलो.”

प्रबोधला आता भलताच हुरूप आला. “अहो, तो आवाज घोड्याचा नाहीच. शूटिंगच्या वेळी आवाज घेतच नाहीत घोड्याचा. नंतर स्टुडिओत एक माणूस बसतो आणि नारळाच्या करवंट्या आपटतो.”

“करवंट्या?”

“करवंट्या.”

दिलीप उल्काकडं बघून म्हणाला, “ऐकलं का वैनी, आमच्या जत्रंतल्या सोंगात बी येवढं खोटं करत न्हाईत.” मग तो पाणी प्याला. “साहेब, आवाज बंद करा बगू.”

प्रबोधनं आवाज बंद केला. बंदुका, बाजा, करवंट्या, सगळं थांबलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

“आता घोड्याचं डोस्कं बगा. बाकी काय बी बगू नगा. हिरोकडं तर बगूच नगा. डोस्कं खाली ग्येलं, वर आलं. खाली, वर. कवा वर येतंय?”

प्रबोध पुढं सरकून बसला. दोनदा चित्र मागं नेलं. तिसऱ्यांदा म्हणाला, “डावा पाय टेकतो तेव्हा.”

“बराबर. दुखऱ्या पायावर भार नगं म्हणून गडी डोस्कं वर उचलतोय. चांगल्या पायावर आला की खाली सोडतोय. जनावराला तोंडानं सांगता येत न्हाय, मंग त्ये मानंनं सांगतंय.”

उल्काही वाढायचं सोडून उभी राहिली. तिला प्रबोधच्या आधी दिसलं होतं, पण ती बोलली नव्हती. सिनेमात हिरो डोंगर चढत होता, मुलीला वाचवायला निघाला होता, आणि तिघंही फक्त एका घोड्याची मान बघत होती. वर, खाली. वर, खाली. मघाशी त्याच घोड्यावरनं गोळ्या झाडल्या गेल्या, त्याला मारून पाडलं, चुना फासला, आणि पुन्हा पळवला.

“याला विश्रांती का नाही दिली?” उल्का म्हणाली.

“दुसरा घोडा नव्हता ना त्यांच्याकडे,” प्रबोध म्हणाला. “बजेटच नव्हतं. चार दिवसांत सिनेमा उरकायचा असायचा.”

“सगळ्यांस्नी ठावं आसणार की वं,” दिलीप म्हणाला. “वर बसल्याला हिरोला बी ठावं. धरणाऱ्याला तर पक्कं. पर कोण बोलणार? शुक्कीरवारपातूर पिक्चर संपवायचा आसंल.”

हे ‘शुक्कीरवार’ त्याच्या तोंडून आपसूक निघालं. निघाल्यावर मात्र त्याला कळलं की आता तोंड उघडलंच आहे. त्यानं हात धुतले, शर्टाची बाही खाली सोडली.

“साहेब, तुमचा पाय कंचा ते तुमी सांगितलं न्हाय आजून. उजवा फुडला आसंल तर तेवढा दुखतोय.”

प्रबोधचं हसू आधी तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. “बाळूचा?”

“व्हय.”

“पण परवा डॉक्टरनं बघितलं. ट्रेनरची ईमेल आलीय मला. फिट आहे म्हणून.”

“डाक्टरनं साडेनवाला बगितलं. म्या साडेचारला बगतोय. रातचा दारुडा बी दुपारच्याला सरळच चालतोय की. पहाटं बगावं.”

प्रबोध उठून गॅलरीच्या दारापाशी गेला. खाली समुद्राकडच्या बागेत सायकली चालल्या होत्या. त्याला दिलीपचं पटत नव्हतं असं नाही. पण तीन भागीदार, तीस पाहुणे, टोप्या, आणि डॉक्टरचा कागद एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एक सईस आणि एक टुकार सिनेमा.

“मी ट्रेनरला काय सांगू? मला घोड्यातलं काही कळत नाही हे त्याला माहितीय.”

“काय बी सांगू नगा. माजं बी ऐकू नगा. बुधवारी पहाटं या आन सोताच्या कानानं ऐका. वाटलं न्हाय काय, तर शुक्कीरवारी टोप्या घालून या.”

“जा रे,” उल्का म्हणाली. “एक दिवस लवकर उठलास तर काही बिघडत नाही.”

बुधवारी साडेचारला प्रबोधची गाडी क्रांजीच्या फाटकात आली. अंगात ऑफिसचा शर्ट, डोळ्यांत झोप. तबेल्यात दिवे लागले होते, पण वाटेवर अजून अंधार होता. दिलीप बाळूला घेऊन दारात उभा होता. त्यानं रामराम केला नाही, चहाचं विचारलं नाही. बाळूचं अंग ऊन व्हायच्या आत काम उरकायचं होतं.

“साहेब, त्या खांबाला टेकून ऱ्हावा. डोळं झाका.”

“झाकू? परवा तर म्हणालात डोकं बघा.”

“परवा करवंट्या व्हत्या. आज टापा हायत. झाका.”

प्रबोधनं डोळे मिटले. दिलीपनं दावं आखूड धरलं, जीभ टाळ्याला लावून टक्क केलं, आणि बाळूला सिमेंटवरनं दुडकवत नेलं.

टाक-टक. टाक-टक. टाक-टक.

प्रबोधला आधी काहीच कळेना. लांब कुठंतरी पंपाचा आवाज होता, एक घोडा पाण्याच्या बादलीला लाथ मारत होता. मग ते सगळं मागं पडलं. टाक-टक. एक टाप भरदार, एक चोरटी. पायरी चुकवून उतरणाऱ्या माणसासारखी. दिलीप वळून परत आला तेव्हा प्रबोधनं डोळे उघडले नव्हते.

“टक म्हणतोय तो उजवा?”

“उजवा.”

“पुन्हा एकदा न्या.”

पुन्हा नेलं. पण आता बाळूचं अंग सुटत चाललं होतं. तिसऱ्या खेपेला तर आवाज जवळजवळ सारखा झाला.

“बगा,” दिलीप म्हणाला. “आता डाक्टरला बलवा. ठणठणीत म्हनंल.”

ट्रेनर ट्रॅकच्या कठड्याला टेकून घड्याळ धरून उभा होता. प्रबोध त्याच्याशी बोलायला गेला. दिलीप लांब, बाळूचं दावं धरून. शब्द ऐकू येत नव्हते, आणि आले असते तरी ते इंग्रजी त्याच्या कामाचं नव्हतं. तो दोघांच्या माना बघत होता. ट्रेनरची मान आधी आडवी हलली. प्रबोध बोलतच राहिला. ट्रेनरनं एकदा वळून दिलीपकडं पाहिलं, आणि दिलीपनं बाळूच्या मानेवर नसलेली गोमाशी मारली.

नंतर प्रबोधनं त्याला सांगितलं ते असं. ट्रेनरनं विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? प्रबोध म्हणाला, कुणी नाही, परवा एक काउबॉय सिनेमा पाहिला, त्यातला घोडा असाच चालत होता. ट्रेनरनं घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाला, तीस वर्षं या धंद्यात आहे, मालकांची नाना कारणं ऐकली, हे पहिल्यांदाच ऐकलं. पण मालकानं तपासणी मागितली तर नाही म्हणता येत नाही. अकरा वाजता सोनोग्राफीचं मशीन लावू.

अकराला डॉक्टर मशीन घेऊन आला. बाळूच्या पायावरचे केस भादरले, वर चिकट औषध चोपडलं, आणि छोट्या पडद्यावर चित्र उमटलं. काळं-पांढरं, बिनआवाजाचं. प्रबोध बँकेत गेला होता. दिलीप पाय धरून उकिडवा बसलेला, त्यामुळं पडदा त्याच्या नाकासमोरच. पायाच्या नळीमागची जाड शीर, जिच्यावर घोड्याचा सगळा भार असतो, पांढरी धोप दिसत होती, आणि तिच्या मधोमध डाळीएवढं काळं. डॉक्टरनं मशीन जरा खाली सरकवलं, वर सरकवलं. काळं तिथंच. ट्रेनरही वाकून बघत होता, त्यानं टोपी मागं सरकवली आणि एक शिवी दिली, इंग्रजीत, पण तिला भाषांतर लागत नव्हतं.

शुक्रवारची रेस गेली. सहा महिने विश्रांती, तेही नशीब. अशा आतून फाटलेल्या शिरेवर बाळू भरधाव पळाला असता तर वळणावर ती तुटली असती, आणि मग घोड्याला परत खोलीत आणत नाहीत, तिथंच हिरवा पडदा धरतात आणि सुई देतात. दिलीपनं पुण्यात तो पडदा दोनदा धरला होता. विवेक चिडला, म्हणाला टोप्यांचं काय करू. प्रबोधनं त्याला तो सिनेमा देऊ केला.

ट्रेनर दुपारी बाळूच्या खोलीपाशी आला. दिलीप उभा राहिला. तबेल्याच्या बाकीच्या सईसांनी हातातली कामं सावकाश केली, कारण काय होतंय ते सगळ्यांना बघायचं होतं. ट्रेनरनं बाळूच्या पायाकडं पाहिलं, मग दिलीपकडं.

“दिलीप, काउबॉय सिनेमे बघतोस?”

“यस बॉस. वन.”

“कसा होता?”

दिलीपनं जरा विचार केला. इंग्रजीत जेवढं येत होतं तेवढं जुळवलं. “हॉर्स गुड, बॉस. सिनेमा नो गुड.”

ट्रेनरच्या मिशीखाली काहीतरी हललं. “बर्फ,” तो म्हणाला. “वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. आणि उद्यापासून पहाटे साडेचारला चाळीसही घोडी तू सिमेंटवर चालवून ऐकायचीस. मग मला सांगायचं. मला.” आणि तो गेला.

“मंजी निजायचं कवा?” दिलीप बाळूला म्हणाला. बाळूनं त्याच्या शर्टाची कॉलर तोंडात धरली. दिलीपनं ती सोडवली, बर्फाची बादली ओढून आणली आणि गुडघे टेकून बसला.

“पाय उचल. आरं उजवा. उचल की रं सुक्काळीच्या.”

बाळूनं पाय दिला. दिलीपनं तो अलगद बर्फात ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, आणि वीस मिनिटं होईपर्यंत शेजारच्या घोड्याच्या पट्ट्या गुंडाळायला घेतल्या. पलीकडची दोन घोडी तोबऱ्यासाठी दाराला लाथा मारत होती.